दागिना घडविणारा हात
(संस्थेच्या वार्षिक समारंभात शेगाव येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)





शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून दागिन्यांविषयी भाषण, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. दागिना म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लग्न येते, देणेघेणे येते आणि अडचणीच्या दिवसांतले गहाणखत येते. त्या बाजूविषयी घरोघर पुरेसे बोलणे होत असते; त्यात मी भर घालीत नाही. मला बोलायचे आहे ते दागिना घडविणाऱ्याविषयी, आणि त्यातही अशा माणसाविषयी, की जो नमुना स्वतः रेखाटतो, स्वतःच्या हाताने घडवितो आणि स्वतःच्या नावावर विकतो. त्याला आज 'ज्वेलरी डिझायनर' म्हणतात. आपल्याकडे त्याला नुसते कारागीर म्हणत आले. कारागीर म्हणजे शाळा सोडलेला मुलगा आणि शिकलेला म्हणजे हाताने काम न करणारा मुलगा, अशी एक वाटणी आपल्या मनात पक्की बसली आहे. ही वाटणी खोटी आहे, आणि तिच्यापायी ज्याच्या बोटांत कसब आहे त्या मुलाचे व मुलीचे नुकसान होते, हे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

आपण राहतो त्या मुलखापासूनच सुरुवात करू. येथून थोड्याच अंतरावर खामगाव आहे. खामगावला लोक रजतनगरी म्हणतात, आणि तेथील चांदीच्या शुद्धतेचा लौकिक जिल्ह्याच्या बाहेर दूरवर पोहोचलेला आहे. आपल्यापैकी किती तरी जणांनी तेथून जोडवी, वाळे, तोडे आणले असतील. दुकानात बसल्यावर आपण काय विचारतो? भाव विचारतो, वजन विचारतो, घट किती धरणार ते विचारतो, मजुरीवरून घासाघीस करतो. हा नमुना कोणाच्या डोक्यातून निघाला, हे विचारलेले मी तरी ऐकलेले नाही. कपड्याच्या दुकानात आपण गिरणीचे नाव पाहतो, पुस्तकावर लेखकाचे नाव शोधतो. दागिना मात्र निनावी असतो.

आता आपल्या शेगावची बाजारपेठ पाहा. गजानन महाराजांच्या दर्शनाला देशभरातून माणसे येतात आणि जाताना माळा, बांगड्या, अंगठ्या, कडी घेऊन जातात. या व्यापारावर येथील अनेक घरे चालतात, त्यात सर्व धर्मांची घरे आहेत. पण काचेची बांगडी बहुधा उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून येते, आणि मुलाम्याचा माल मोठ्या शहरांतून ग्रोसच्या हिशेबाने येतो. मणियार हे नाव ज्या समाजाला मिळाले, त्याचा धंदा कधी काळी लाखेची आणि काचेची बांगडी घडविण्याचा होता. आज बहुतेक ठिकाणी विक्री शिल्लक राहिली आहे, घडविणे गेले. घडविणे गेले की किंमत ठरविण्याचा अधिकारही जातो, आणि मग डझनामागे जे सुटेल त्यावर समाधान मानावे लागते.

याच्या उलट एक उदाहरण आहे, आणि त्यासाठी आपल्याला बीदरपर्यंत जावे लागेल. बीदर आज कर्नाटकात असले तरी 1956 पर्यंत ते मराठवाड्याबरोबर एकाच हैदराबाद राज्यात होते, आणि औराद, भालकीकडच्या किती तरी घरांत अजून मराठी बोलली जाते. तेथील बिदरी काम जगभर प्रसिद्ध आहे. काळ्याभोर धातूवर चांदीची चमकती वेल, असे त्याचे रूप. या कामातले आजचे मोठे नाव म्हणजे शाह रशीद अहमद कादरी. त्यांचा जन्म 1955 चा. हे काम त्यांच्या घरात पिढीजात होते. वडील शाह मुस्तफा कादरी हेच त्यांचे उस्ताद. 1988 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 2023 मध्ये पद्मश्री. 2011 च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या संचलनात कर्नाटकाचा चित्ररथसुद्धा बिदरी कलेचाच होता. छोट्या शहरातला, हातोडी-छिन्नी घेऊन बसणारा माणूस राष्ट्रपतिभवनापर्यंत जातो, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पण पदकापेक्षा मला त्याच्या कामाची रीत सांगण्यात अधिक गोडी वाटते.

बिदरीचा धातू म्हणजे जस्त सोळा भाग आणि तांबे एक भाग. हा रस मातीच्या साच्यात ओततात. निघालेली वस्तू खडबडीत असते, ती कानशीने घासून गुळगुळीत करतात. मग तिच्यावर मोरचुदाचे पाणी फिरवतात. त्याने धातू तात्पुरता काळपट होतो, म्हणजे त्यावर टोकदार सळईने ओढलेली रेघ स्पष्ट दिसते. येथे खरी परीक्षा आहे. नक्षी हाताने काढायची असते, छापा मारायचा नसतो. नंतर त्या रेघेवरून छिन्नी चालवून खोबण करायची, खोबणीत चांदीची तार किंवा पत्रा बसवायचा आणि हलक्या हातोडीने ठोकून घट्ट करायचा. पुन्हा घासायचे, पुन्हा उजळायचे. या वेळेपर्यंत चांदी आणि धातू यांच्या रंगात फारसा फरक दिसत नाही. अनोळखी माणसाला वाटेल की एवढी मेहनत वाया गेली. शेवटी बीदरच्या जुन्या किल्ल्यातली माती आणि नवसागर एकत्र पाण्यात उकळून वस्तू किंचित गरम करून त्याने चोळतात. जस्ताचा धातू कायमचा काळा पडतो आणि चांदी जशीच्या तशी पांढरी राहते. तेलाचा हात फिरवला की काम पुरे.

ही माती किल्ल्याच्या ज्या भागात ऊन-पाऊस पोहोचलेला नाही तेथली घेतात. तिच्यात सोऱ्याचा अंश असतो. जुने कारागीर ती चिमूटभर जिभेवर ठेवून चवीने पारखतात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मास्तरांना विचारावे की एकाच द्रावणाने जस्त काळे का पडते आणि चांदी का वाचते. ज्या कामाला आपण अडाण्याचे काम समजतो त्यात धातुशास्त्र आहे, रसायन आहे, चित्रकला आहे, आणि सुलेखनही आहे, कारण बिदरीवर अरबी-फारसी अक्षरे कोरण्याची रीत फार जुनी आहे.

आता दागिन्याकडे येतो. बिदरीची मूळ ख्याती हुक्क्याच्या बुडाची, सुरईची, पानदानाची आणि तबकाची. नवाबी गेली, हुक्का गेला, पानदानही घराघरातून उठले. नुसती जुनी वस्तू उतरवीत बसले असते तर हे काम त्यांच्याबरोबरच संपले असते. ज्यांना स्वतः विचार करता येत होता त्यांनी तीच वेल, तीच अशर्फीची बुट्टी लहान करून कानातल्यात, लटकनात, बांगडीत, शर्टाच्या बटणात आणली. सुरईवर वीतभर पसरलेली वेल नखाएवढ्या जागेत बसवायची तर कोणते पान ठेवायचे आणि कोणते गाळायचे, हे ठरवावे लागते. या ठरविण्यालाच डिझाइन म्हणतात. 2006 मध्ये बिदरीला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, म्हणजे बीदरच्या बाहेर तयार झालेल्या मालाला ते नाव लावता येत नाही. अडचणी संपलेल्या नाहीत. चांदीचा भाव किलोला लाखाच्या पुढे गेल्यावर लहान कारागिराने तार आणायची कोठून, हा प्रश्न साधा नाही.

कोणी म्हणेल, बीदरला किल्ला आहे, बादशाही परंपरा आहे. आम्ही शेगावच्या मुलांनी नमुना कोठून आणावा? याचे उत्तर आपल्या आजींच्या डब्यात आहे. मराठी दागिन्यांची नावे एकदा सावकाश उच्चारून पाहा. बोरमाळ: बोरे पाहून केलेले मणी. जोंधळी पोत: जोंधळ्याच्या दाण्याएवढे मणी. तांदळी पोत, पोहेहार, पायातल्या मासोळ्या, कानावरचा वेल. ज्या कोणी पहिल्यांदा जोंधळ्याचा दाणा तळहातावर घेऊन सोन्यात उतरवला, त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. पण तो माणूस आपल्यासारखाच शेताच्या बांधावरून चालणारा होता, एवढे नक्की. पॅरिसच्या कारखान्यातून त्याने काही मागविले नव्हते. उलट गेल्या शतकात पॅरिसच्या कार्टिए पेढीनेच हिंदुस्थानातली पाने-फुले कोरलेली माणके-पाचू घेऊन आपले दागिने मढविले, आणि ते अजून लिलावात मोठ्या किमतीला जातात. आपल्या वऱ्हाडात कापसाचे फुटलेले बोंड आहे, तुरीची शेंग आहे, पळसाचे फूल आहे. बोंडाचे चार कप्पे उमलतात तेव्हा त्यांचा आकार एखाद्या झुमक्यासारखाच असतो. हे कोणी चांदीत उतरवले तर पाहायला मला आवडेल.

शिवाय पाहण्याजोगे आपल्या अवतीभवती किती आहे! शेजारच्या वाशीमला, म्हणजे जुन्या वत्सगुल्माला, वाकाटकांची राजधानी होती, आणि त्यांच्याच काळात अजिंठ्याची उत्तम लेणी रंगली. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी पाहा; त्याच्या मुकुटाची आणि मोत्यांच्या सरांची घडण आजच्या सोनारालाही काही शिकवील. आपल्याच जिल्ह्यात लोणारला दैत्यसूदनाचे मंदिर आहे, रोहिणखेडची जुनी मशीद आहे. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा सहलीला जाऊन आपण पाहतो, फोटो काढतो आणि परततो. त्याच्या जाळीपुढे दहा मिनिटे बसून पट्टी-कंपासने ती जाळी वहीत उतरवली, तर षट्कोनातून तारा कसा निघतो हे भूमितीच्या पुस्तकापेक्षा लवकर समजते. आणि ज्याला मशिदीची जाळी आणि मंदिराची मूर्ती दोन्ही डोळे भरून पाहता येतात, त्याच्या वहीतले नमुने दुप्पट होतात, हा व्यवहारही लक्षात घ्यावा.

विद्या आणि हात वेगळे काढण्याची खोड आपल्याला केव्हा लागली, कोण जाणे. आपल्या परंपरेत ती नव्हती. हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांना चिलखत घडविण्याचे कसब खुद्द अल्लाहने शिकविले आणि कड्या मापात बसविण्याची ताकीद दिली, असे कुरआन शरीफमध्ये आहे. साखळीचे काम करणाऱ्याला या मापाचे मोल सांगावे लागत नाही. प्रेषित हजरत मुहंमद (स.अ.) यांच्या बोटात चांदीची अंगठी असे आणि तिच्यावर तीन ओळींत कोरलेली अक्षरे पत्रांवर मोहोर म्हणून उठत, हे आपण सर्व जाणतो, ती अक्षरे कोरणाराही एक कारागीरच होता. अल-बिरूनी (973 ते 1048) हा गणिती आणि ज्योतिर्विद. त्याने रत्नांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि रत्ने पाण्यात तोलून त्यांची सापेक्ष घनता काढली. अबुल फज्लने 'ऐने-अकबरी'त मीनाकार, कोफ्तगर, जरनिशान, सादाकार अशा कारागिरांची जंत्री दिली असून कोणाला तोळ्यामागे किती मजुरी, तेही नोंदविले आहे. बादशहाच्या दफ्तरात हाताच्या कामाला एवढी जागा होती.

आणि बेबदल खान! याचे मूळ नाव सईदाई गीलानी. इराणहून आलेला हा माणूस कवी होता, सुलेखनकार होता आणि रत्नांवर अक्षरे कोरणारा सोनारही होता. त्याला बेबदल, म्हणजे ज्याच्या बदली दुसरा नाही, असा किताब मिळाला. शाहजहानचे मयूरासन त्याच्याच देखरेखीखाली सात वर्षे घडत होते आणि 1635 मध्ये पुरे झाले. सिंहासन पुढे नादिरशहाने 1739 मध्ये लुटून नेले, ती गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात येते. ते घडविणाऱ्याचे नाव मात्र पुस्तकात येत नाही, ही आपल्या पुस्तकांची उणीव आहे.

आता पालकांना आणि विद्यार्थ्यांना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी सांगतो.

राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीडिएट या रेखाकला परीक्षा आपल्या पुष्कळ मुलांना ठाऊक आहेत. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून मुले बसतात, आणि गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते. पण त्यांतले विषय पाहा: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन. दागिना रेखाटणाऱ्याला याहून निराळे काय लागते? तेव्हा ज्या मुलीला या परीक्षेत चांगली श्रेणी मिळाली, तिच्या घरच्यांनी ती केवळ हौस समजू नये.

गणिताचेही तसेच. बांगडीचे माप 'दोन-चार' असे सांगतात. शाळेत शिकलेला मुलगा ते 2.4 इंच समजेल आणि चुकेल, कारण त्याचा अर्थ दोन इंच आणि चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच, सुमारे 57 मिलिमीटर. हा आतला व्यास. आता त्यासाठी दोन मिलिमीटर जाडीची तार किती लांब कापावी? नुसत्या आतल्या व्यासाचा परीघ काढला तर साडेएकोणऐंशी अधिक शंभर, म्हणजे 179.5 मिलिमीटर येतो. पण तार वाकताना तिच्या मधल्या रेषेचे माप धरावे लागते, ते सुमारे 186 भरते. सहा मिलिमीटर तार कमी पडली तर डाख देऊनही बांगडी जुळत नाही. शाळेतले मास्तर ही गोष्ट परीघाच्या सूत्राने सांगतील, उस्ताद अनुभवाने सांगेल. ज्याला दोन्ही येते तो चांदी वाया घालवत नाही.

घरी मणी ओवणाऱ्या, खडे चिकटविणाऱ्या आपल्या भगिनींविषयी थोडे स्पष्ट बोलतो. माल व्यापाऱ्याचा, नमुना व्यापाऱ्याचा आणि मजुरी डझनावर, अशी ही पद्धत आहे. त्यात दिवस जातो, डोळे शिणतात, आणि शेवटी हातात नाव उरत नाही की नमुना उरत नाही. या कामाची लाज मुळीच नाही. हलालची रोजी आहे. पण दहा डझनांच्या कामातून वेळ काढून महिन्याला एक नमुना आपला स्वतःचा करून पाहावा. त्याचा हिशेब लिहावा: मणी किती, तार किती, तास किती, वाया काय गेले. आपल्या तासाची मजुरी धरायची बहुतेक जणी विसरतात, आणि मग विक्री होऊनही घरात काही येत नाही.

नमुना खरोखर नवा असेल तर 2000 च्या डिझाइन कायद्याखाली त्याची नोंदणी करता येते. हे संरक्षण दहा वर्षांचे असून पुढे पाच वर्षे वाढविता येते. मात्र नोंदणीचा अर्ज आधी, आणि प्रदर्शनात मांडणे किंवा मोबाइलवरून चारचौघांना चित्र पाठविणे नंतर. एकदा उघड झालेला नमुना नवा धरला जात नाही. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यांत सोनारकामही आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपये आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज, अशी तिची मांडणी आहे. अर्जदार अठरा वर्षांचा असावा लागतो.

या अठरा वर्षांच्या अटीवरून आठवले, म्हणून पालकांना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हाताला वळण लहानपणीच लागते, हे खरे. पण त्या नावाखाली बारा वर्षांच्या मुलाला मोठ्या शहरातल्या कोंदट खोलीत, तेजाबाच्या वाफेत आणि फुंकणीच्या धुरात बसवायला पाठविणे हा गुन्हा आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला ठेवता येत नाही. घरच्या कामात मदत करायची तीही शाळेच्या वेळेनंतर. अशा मुलाला तेथे डाख द्यायला शिकवतात, एकच कडी हजार वेळा जोडायला लावतात. नमुना काढायला कोणी शिकवत नाही. डोळे आणि फुप्फुसे गेल्यावर तो घरी परततो. ज्याला आपला मुलगा चांगला घडणावळ करणारा व्हावा असे वाटते, त्याने त्याला दहावी-बारावीपर्यंत आपल्या या शाळेत ठेवावे, संध्याकाळी घरी तारेशी, मण्यांशी खेळू द्यावे, आणि पुढे कलाशाळेत घालावे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत 1891 पासून हस्तकलेच्या कर्मशाळा सुरू झाल्या. धातुकाम शाळेत शिकविण्याची कल्पना आपल्याकडे एवढी जुनी आहे.

मुलींच्या बाबतीत मला विचारण्यात आले की या कामासाठी त्यांना घराबाहेर पडावे लागेल का. शिकण्यासाठी पडावे लागेल, आणि पडावे. टेबल, कानस, चिमटा, लहान हातोडी आणि चांगला उजेड एवढ्यावर काम घरीही सुरू होते. मात्र गॅसची ज्योत आणि तेजाब स्वयंपाकघरात आणू नये, लहान मुले असलेल्या घरात तर नाहीच.

शेवटी संस्थेच्या चालकांना एक विनंती. यंदाची सहल बीदरला काढावी. शेगावहून अकोला, तेथून पूर्णा, परभणी, परळी, उदगीर, भालकी असा रेल्वेचा मार्ग आहे. एक दिवस जाण्याचा, एक येण्याचा, मधला दिवस किल्ल्यासाठी, महमूद गावानच्या मदरशासाठी आणि बिदरी कारागिरांच्या गल्लीसाठी ठेवावा. प्रत्येक मुलाजवळ कोरी वही आणि पेन्सिल असावी. कारागिराच्या दुकानात शिरताना आधी सलाम करावा, काम चालू असेल तर थांबावे, आणि नमुन्याचा फोटो घेण्यापूर्वी त्याची परवानगी विचारावी. तो नको म्हणाला तर मोबाइल खिशात ठेवावा.